काथ्याचं वय

मी चुकले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या पाठीमागे कुजबुजायचे कष्ट कोणाला नकोत. एकोणतीस वर्षं मी पोर्ट हर्टलच्या मच्छीमार संग्रहालयात दोर, जाळी आणि शिडांचं कापड ओळखायचं काम केलं. कोणी दोराचा बोटभर तुकडा पुढे ठेवला, की मी उलगडून, जाळून, वेळ पडली तर दातात धरून सांगायचे, हा ताग, हा घायपात, हा मनिला. हॅलिफॅक्सच्या विद्यापीठातली माणसंसुद्धा पाकिटं पाठवायची. 'एव्हिस झ्विकरला विचारा,' असं म्हणायची पद्धत पडली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

जुलैमध्ये माझा भाऊ ऑरिन एक बादली घेऊन दारात उभा राहिला. ऑरिन माझ्याहून दोन वर्षांनी लहान, एकसष्ट वर्षांचा. सतरा वर्षांचा असल्यापासून बापाच्या बोटीवर शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडतोय. बायको जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून उन्हाळ्यात, शेवंडांचा हंगाम बंद असताना, तो दीपगृहाच्या अलीकडेच असलेल्या समोरच्या बेटावर खजिना खणायला जातो. खणणारा खरा टेट नावाचा टोरंटोचा माणूस. ऑरिन त्याचे पंप चालवायचा.

"सांग हे काय आहे," ऑरिन म्हणाला. बादलीत तपकिरी, ओल्या केसांसारखा गुंता होता. "खालच्या किनाऱ्यावर, ओहोटीला उघडं पडतं तिथे, दगडांनी बांधलेला पाट सापडलाय. त्यात हातभर जाड थर आहे याचा."

"घोड्याचे केस असतील. गादीतले."

"ते तू न बघता सांगतेस होय? मग तुझा एवढा बोलबाला कशाचा?"

बघितलं. एक धागा धुऊन भिंगाखाली ठेवला आणि खुर्चीत नीट बसले. काथ्या. नारळाचा काथ्या, शंका नको. आमच्याकडे नारळ म्हणजे चर्चच्या विक्रीतल्या केकवर भुरभुरलेला कीस, तेवढाच. झाड बघायचं तर जहाजानं कित्येक दिवस दक्षिणेकडे जावं लागेल. आणि इथे हातभर जाड थर, दगडाच्या पाटात, समुद्राच्या पाण्याखाली.

"कोणी तरी लांबून आणलंय," ऑरिन म्हणाला. त्याचे डोळे असे चमकलेले मी चार वर्षांत पाहिले नव्हते. "किती जुनं असेल?"

"ते माझ्या भिंगाला दिसत नाही. त्याला कार्बन मोजावा लागतो."

टेटनं पैसे भरले, मी नमुना पाठवला. प्रयोगशाळेचा चार पानांचा फॉर्म मीच भरला. कुठे सापडलं, किती खोल, कोणी हाताळलं. तिसऱ्या पानावर प्रश्न होता, 'नमुन्याला तेल, रंग, राळ किंवा दुसरं काही लावलेलं आहे का?' मी लिहिलं, 'नाही', आणि खाली सही केली.

सप्टेंबरच्या शेवटी उत्तर आलं. काथ्या साडेसातशे वर्षांचा. म्हणजे ज्या काळात या किनाऱ्यावर गोऱ्या माणसाचं पाऊलही उमटलं नव्हतं, त्या काळात कोणी तरी नारळाचा काथ्या आणून पाट बांधून ठेवला होता. गावाला वेड लागायचंच बाकी होतं. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर जो तो काथ्याकूट करत बसलेला. कोणी म्हणे भिक्षू आले होते, कोणी म्हणे राजाची तिजोरी. माझी शेजारीण व्हर्ना, जिला स्वतःच्या चष्म्याची जागा माहीत नसते, ती तिजोरी किती फूट खाली आहे ते सांगायची. आणि प्रत्येक जण शेवटी म्हणायचा, "आणि हे एव्हिसनं सही करून दिलंय बरं का."

हे सगळं मजेचं होतं. मग एके दिवशी ऑरिन जेवायला आला. मी सॉसेज आणि आंबवलेला कोबी केला होता. त्यानं ताट संपवलं, चहात डब्यातलं दूध घातलं आणि म्हणाला, "बोट विकतोय मी."

"कुठली बोट?"

"माझ्याकडे काय ताफा आहे? 'विल्मा.' मासेमारीच्या परवान्यासकट. डॅरल कॉर्कम घेतोय. ते पैसे टेटच्या कामात घालतो, तो मला चौथा हिस्सा देतोय."

'विल्मा' आमच्या आईचं नाव. बोट बापानं बांधून घेतलेली. आणि परवाना एकदा गेला की या किनाऱ्यावर आमच्यासारख्या माणसाला परत मिळत नाही, पोराबाळांना विकतही घेता येत नाही. ऑरिनकडे दुसरं काही नाही. घर आहे, ते वाऱ्यानं हलतं.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी म्हटलं.

"तुझ्याच कागदावर भरवसा ठेवून करतोय," तो म्हणाला. "तू कधी चुकलीस का?"

मी त्याला आणखी चहा ओतला. तो प्रश्न मला गोड वाटला, हे आज कबूल करते. परवाना नावावर करायचे कागद सरकारकडून यायला वेळ लागणार होता. सह्या ठरल्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, वकिलाकडे. पुढच्याच सोमवारी हंगाम उघडणार होता आणि डॅरलला त्याच दिवशी शेवंडांचे पिंजरे टाकायचे होते.

ऑक्टोबरात संग्रहालयात एक बाई आली. सस्कॅचवानची, गव्हाच्या शेतातली, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला आलेली. माझ्या टेबलावर उरलेल्या काथ्याची बरणी होती. पाहुण्यांना दाखवायची मला हौस. मी झाकण उघडून तिच्यापुढे धरली, तर बाई दोन पावलं मागे सरली आणि तिनं नाक दाबलं.

"शी! हे काय? रस्त्याला ओततात ते डांबर?"

"नाही हो, नारळाचा काथ्या आहे. जुना."

"असेल. पण वास डांबराचा येतोय."

मी बरणी नाकाशी नेली. मला काही वास आला नाही. म्हणजे, दोराचा आला. दोराला जसा येतो तसा. आणि मग बरणी तशीच हातात धरून मी खाली बसले.

आमच्या घरी परसात डांबराची कढई कायम चुलीवर असायची. बाप त्यात दोर बुडवायचा, जाळी बुडवायचा, पाण्यात जाणारी प्रत्येक वस्तू बुडवायचा. आजोबाही तेच करायचे. गावात ज्याच्या दोराला डांबराचा वास नाही त्याला आम्ही दोर म्हणत नाही, सुतळी म्हणतो. डांबर 'लावलेलं' असतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. पावात मीठ असतं तसं दोरात डांबर असतं. फॉर्मवर 'काही लावलेलं आहे का' असं विचारलं, आणि मी प्रामाणिकपणे लिहून टाकलं, नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुसऱ्या कुठल्याही गावचं माणूस ही चूक करूच शकलं नसतं.

बाई गेल्यावर मी दार लावून घेतलं. चार धागे डांबर विरघळवणाऱ्या द्रावकात टाकले. पाच मिनिटांत द्रावण चहासारखं तपकिरी झालं. बोटावर घेऊन हुंगलं, आता मुद्दाम, परक्याच्या नाकानं. पाइनच्या झाडाचं डांबर गोडसर असतं. हे नाकात चावत होतं. हे दगडी कोळशाचं डांबर, आणि ते दोराला लावायची पद्धत आमच्या पणजोबांच्या वेळची, त्याच्या फार मागे जात नाही. कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यातला मोजायचा कार्बन केव्हाच संपलेला. त्याचं डांबर काथ्यात मुरलं की काथ्याचं वय भलतंच वाढून दिसणार. दुधात पाणी घालून मग दुधाचा कस बघायचा, तसला प्रकार.

प्रयोगशाळेत फोन केला. तिथली मुलगी सभ्य होती. "पण मॅडम, तुम्ही फॉर्मवर 'नाही' लिहिलंय," ती म्हणाली. "डांबर आहे कळलं असतं तर आम्ही आधी वेगळं धुतलं असतं."

"मला माहीत आहे मी काय लिहिलंय," मी तिच्यावर खेकसले, मग तिची माफी मागितली आणि माझ्या पैशानं दुसरा नमुना पाठवला.

ऑरिनला सांगितलं नाही. खात्री नसताना कशाला, असं मी स्वतःला बजावत होते. खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटत होती. पाच आठवडे मी भावाच्या समोरून मान खाली घालून गेले, आणि तो मात्र शीळ घालत हिंडत होता.

उत्तर आलं गुरुवारी सकाळी. नीट धुतलेला काथ्या दोनशे वर्षांच्या आतला, त्याहून नेमकं सांगता येत नाही. सांगायची गरजही नव्हती. आमच्याच कोणा आजोबा-पणजोबानं, मासे खारवायच्या शेडला स्वच्छ पाणी यावं म्हणून दगडाचा पाट बांधला असणार. वेस्ट इंडीजला खारे मासे घेऊन जाणाऱ्या जहाजांतून परत येताना काथ्याचे जुने दोर आणि चटया यायच्या, त्या कुजू नयेत म्हणून डांबरात बुडवून गाळण म्हणून अंथरल्या असणार. भिक्षू नाही, राजा नाही. कोणी तरी झ्विकर नाही तर हर्टल, माशाच्या वासाचा.

सह्यांना एक दिवस उरला होता. कागद खिशात घातला आणि ऑरिनच्या शेडकडे गेले. तो पिंजऱ्यांना चिठ्ठ्या लावत होता, डॅरलला कुठले कुठे टाकायचे ते कळावं म्हणून.

"ऑरिन, बोट विकू नकोस," मी म्हटलं.

"झालं का सुरू परत?"

"मी चुकले रे." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फॉर्म, डांबर, ती गव्हाच्या शेतातली बाई, दुसरा कागद. त्यानं हातातली चिठ्ठी खाली ठेवली. कागद घेतला, चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला. मग उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अरे, बोल ना काही. पैसे वाचले तुझे. बापाची बोट वाचली. उद्या वकिलाकडे जाऊ नकोस, सोमवारी नेहमीसारखा निघ."

"नेहमीसारखा," तो म्हणाला. हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. "मला बोट लागते, एव्हिस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बोट लागते. ओकतो मी. दीपगृह ओलांडलं की सुरू होतं, ते परत धक्क्याला लागेपर्यंत. चव्वेचाळीस वर्षं. केबिनमध्ये बादली आहे माझी. क्लाइडला माहीत आहे, वीस वर्षं बोटीवर आहे माझ्यासोबत, पण तोंडाचा पक्का. ज्या दिवशी पाण्यात जायचं त्या दिवशी मी काळ्या चहाशिवाय काही खात नाही. वर यायला काही नसलं म्हणजे त्रास कमी होतो."

मी पिंजऱ्याला धरून उभी राहिले. "पण तू तर म्हणाला होतास... बापाला झटका आला तेव्हा..."

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बापाची एक बाजू गेली त्या वर्षी मी हॅलिफॅक्सला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होते. दोघांपैकी एकानं बोट सांभाळायची होती. मी सामान बांधून घरी आले होते. ऑरिन स्वयंपाकघरात म्हणाला होता, 'तू जा परत. मला समुद्राशिवाय करमत नाही.' आणि मी दुसऱ्या दिवशी गेले, हलक्या मनानं.

"तू बांधलेली पेटी बघून काय बोलणार होतो?" तो म्हणाला. "रडून डोळे सुजले होते तुझे. मला वाटलं, दोन-तीन वर्षं. सवय होईल. नाही झाली."

"मग इतकी वर्षं विकली का नाहीस रे, मूर्खा!"

"काय सांगून विकू? आपल्या गावात माणूस मेल्यावर बोट विकतात, नाही तर कंबर मोडल्यावर. धडधाकट माणसानं बापाची बोट का विकली? तर त्याला ओकारी होते? व्हर्नानं रविवारच्या आत तीन गावं जागवली असती. खजिन्याचं प्रकरण निघालं तेव्हा वाटलं, सुटलो. खजिन्यासाठी विकली तर लोक वेडा म्हणतात, हसतात. तेवढं मला चालतं." त्यानं नाक पुसलं. "टेटच्या खड्ड्यात काही आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण तुझा कागद आला, आणि कारण मिळालं."

मला रडू आलं, आणि मी रडले. लपवायचं काय त्यात. ज्या शिक्षणासाठी हा पोरगा चव्वेचाळीस वर्षं बादलीत तोंड घालून बसला, त्याच शिक्षणानं मी आज त्याला परत बोटीत ढकलायला आले होते, आणि वर उपकार केल्यासारखी उभी होते.

"आणखी कोणाला सांगितलंस हे?" त्यानं विचारलं.

"कोणाला नाही. टेटला आज कळवणार होते."

"उद्या कळव. तीननंतर."

"ऑरिन, मी सही केली आहे त्या कागदावर. चुकीचा आहे कळल्यावर एक मिनिट ठेवणं म्हणजे..."

"एक दिवस. टेटला मी दमडी देणार नाही, त्याचं काही बुडत नाही. डॅरल बोट आणि परवाना घेतोय, त्याला त्याचा माल खराच मिळतोय. बुडलं तर तुझं नाव बुडेल. लोक म्हणतील, एव्हिसच्या चुकीपायी भावानं बोट घालवली." तो थांबला. "तुला जमणार नसेल तर सांग. मी सोमवारी जाईन. राग नाही धरणार."

तो खरंच धरणार नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. स्वतःचा, त्याचा, बापाच्या त्या कढईचा. मी म्हटलं, "उद्या दाढी करून जा. वकिलाकडे असल्या अवतारात जाऊ नकोस," आणि घरी आले.

शुक्रवारी मी फोनच्या शेजारी बसून होते. साडेतीनला ऑरिननं वकिलाच्या कचेरीतून फोन केला आणि एवढंच म्हणाला, "झालं." मी ठेवला आणि लगेच टेटला लावला. त्याला सांगितलं, चूक माझी, फॉर्म मी भरला, काथ्या जुना नाही, आणि माझा भाऊ तुमच्या कामात पैसे घालणार नाही. टेटनं मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पण काथ्यावर डांबर नंतर कोणी लावलं असेल, तर?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी म्हटलं, खणा बापडे, पण माझं नाव त्यातून काढा. नंतर संग्रहालयाला पत्र लिहिलं, हॅलिफॅक्सला लिहिलं, प्रयोगशाळेला लिहिलं. त्यानंतर वर्षभर हॅलिफॅक्सहून एकही पाकीट आलं नाही.

सोमवारी उजाडताना सगळा गाव धक्क्यावर होता. पिंजऱ्यांनी लादलेल्या बोटी ओळीनं उभ्या, पाद्रीबाबांनी टोपी काढून प्रार्थना म्हटली, आणि एकेक बोट सुटली. 'विल्मा'वर डॅरल होता आणि शेजारी क्लाइड. आमच्या अंगावरून जाताना क्लाइडनं टोपीला हात लावला. ऑरिन माझ्याजवळ उभा होता, हातात पावात घातलेलं गरम सॉसेज. खाल्लेलं तोंडाला लागलं होतं. एवढ्या वर्षांत हंगामाच्या पहिल्या सकाळी त्याला खाताना कोणी पाहिलं नव्हतं, पण कोणाच्या ते लक्षात आलं नाही. सगळे त्याच्याकडे बिचाऱ्याकडे बघावं तसं बघत होते.

व्हर्ना गर्दीतून वाट काढत आलीच. आधी ऑरिनच्या पाठीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळली.

"ऐकलं ते खरं का गं? काथ्या जुना नव्हताच म्हणे? तुझ्या एका सहीपायी बापाची बोट गेली याची! मोठी शिकलेली ना तू?"

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर.

"हो," मी म्हटलं. "माझीच चूक."

"सोड तिला, व्हर्ना," ऑरिन तोंडात घास घेऊन म्हणाला. "चुकतं माणूस."

व्हर्ना त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करत पुढच्या घोळक्यात गेली. मला त्याला तिथल्या तिथे धक्क्यावरून खाली ढकलावंसं वाटलं, आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. त्यानं हातातलं संपवलं होतं आणि माझ्या पिशवीकडे बघत होता, म्हणून त्याला माझं सॉसेज दिलं.